बांधावरची पुढची सायकल

चौघं एकाच वेळी निघाली, एकाच वाटेनं, एकाच वाऱ्यात. चौघांच्या सायकलींवर ओझंही सारखंच होतं. त्यांतला जो सगळ्यांत दणकट होता तो पोचला नाही. बाकीची तिघं पोचली. असं कसं झालं?

हे कोडं मला शाळेत कुणी घातलेलं नाही. न पोचलेला माणूस म्हणजे माझे बाबा, यशवंत भाटकर. गेल्या आषाढातली ही गोष्ट. तेव्हा मी बारा वर्षांची होते. वर्षभर मी या कोड्याचं एकच उत्तर मनाशी धरून बसले होते, की त्या तिघांनी बाबांना टाकलं आणि आपला जीव वाचवला. मला ती तिघं समोर आली की थुंकावंसं वाटायचं. थुंकले नाही कधी, पण बोललेही नाही.

आमचं गाव खारजुवे. जुवे म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं बेट. माझ्या आजीच्या लहानपणापेक्षा समुद्र आता हातभर वर आलाय, त्यामुळे मुख्य किनाऱ्यावरच्या वडखारला जायला उरलाय तो एक मातीचा बांध. लांबी बारा किलोमीटर, रुंदी जेमतेम दीड मीटर. त्यावर गाड्यांना बंदी आहे, कारण हादऱ्यानं माती सुटते. पावसाळी वाऱ्यात ड्रोन उडत नाहीत आणि होड्या सुटत नाहीत. एका योजनेतून वीस विजेच्या सायकली आल्या होत्या. खाऱ्या हवेनं पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या मोटारी खाल्ल्या आणि आता त्यांच्यावर आमच्या कोंबड्या बसतात. म्हणजे सन २०७१ मध्ये आम्ही पायडल मारतो, ते काही हौस म्हणून नव्हे.

या बांधावर एक रिवाज आहे. तांड्यात पुढची सायकल भाटकरांची. माझ्या खापरपणजोबांनी हा बांध घालताना मातीची पहिली पाटी टाकली, म्हणून हा मान. पुढच्या सायकलला पितळी घंटी असते आणि त्या घंटीच्या पुढं कुणी जायचं नाही, असं आम्ही चालायला लागल्यापासून ऐकतो.

यंदाच्या आषाढातल्या एका सकाळी मी वडखारच्या वसतिगृहात वेणी घालत होते. फाटकात तीन सायकली उभ्या राहिल्या. सदूकाका, फुलाआत्या आणि मुश्ताकचाचा. तीच तिघं. आणि फुलाआत्याच्या हातात चौथी सायकल, बाबांची.

"रेवती, बाय, उघाडीचं रबर फाटलंय," सदूकाका म्हणाला.

उघाडी म्हणजे गावाभोवतीच्या उंच बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला समुद्राला आत येऊ देत नाही. त्याच्या कडेचं रबर फाटलं, तर भरतीचं पाणी शेतात शिरणार आणि शेताच्या पलीकडच्या तळ्यात. ते तळं म्हणजे आमचं पिण्याचं सगळं पाणी. आदल्याच दिवशी अमावास्या झाली होती, म्हणजे दुपारी साडेबाराला उधाणाची भरती. दहा वर्षांत या खाडीतली चार जुवी अशीच ओस पडली. तळं एकदा खारट झालं की माणसं महिनाभर टँकरची वाट बघतात आणि मग कुलूप लावून निघून जातात.

"नवं रबर घेतलं आम्ही," मुश्ताकचाचा म्हणाला. "चार तुकडे आहेत, एकेक सायकलवर एकेक. येताना यशवंतची रिकामी सायकल पुढं धरून आलो, पण परत जाताना पुढं भाटकर हवा. तुझ्या घरात आता सायकल मारणारी तूच."

"आणि तुम्हाला मागे राहायला बरं पडतं," मी म्हणाले.

फुलाआत्यानं मान खाली घातली.  मी बाबांची सायकल तिच्या हातून हिसकून घेतली. त्यांच्यासाठी मी निघाले नव्हते. आई जुव्यावर होती.

बांधाच्या तोंडाशी आम्हाला खेकडा भेटला. खेकडा हा यंत्रमानव आहे. ताटाएवढा, आठ पायांचा, बांधावर तिरका फिरून तडे शोधणारा. त्याचं खरं नाव आकड्यांचं आहे, पण ते फक्त त्यालाच पाठ आहे. रबर बसवायला त्यालाच पाण्यात उतरायचं होतं, म्हणून तो माझ्या कॅरिअरवर चढून बसला.

"तू जड आहेस," मी कुरकुरले.

"पाच किलो. ते चढावर जाणवेल. सपाटीवर वाऱ्याला वजन दिसत नाही, आकार दिसतो. मी तुझ्या पाठीमागे आहे, म्हणजे वाऱ्याला मी दिसतच नाही." खेकड्याला गोड बोलता येत नाही, पण खोटंही बोलता येत नाही.

सदूकाकानं घड्याळ बघितलं. "नऊ पंचवीस. गावाजवळचा सखल तुकडा अकराला पाण्याखाली जातो. पंच्याण्णव मिनिटं आहेत. वारा नसेल तर बांधाला एक तास लागतो. येताना वारा पाठीवर होता, चाळीस मिनिटांत आलो, म्हणजे वीस मिनिटं वाचली. आता वारा तोंडावर, तर वीस जास्त लागतील. एक तास वीस. पंधरा मिनिटं हातात राहतात."

आमच्या गावात सगळे असाच हिशेब करतात. वारा जाताना जे घेतो ते येताना परत देतो, असं धरून चालतात.

"चुकलं," खेकडा म्हणाला. "एक तासात बारा किलोमीटर, म्हणजे ताशी बाराचा वेग. पाठीवरच्या वाऱ्यानं त्यात सहा घातले, अठरा झाले. बारा किलोमीटर चाळीस मिनिटांत संपले. बरोबर. आता तोंडावरच्या वाऱ्यानं सहा काढले. किती राहिले?"

"सहा," मी म्हणाले.

"ताशी सहानं बारा किलोमीटर जायला?"

"दोन तास." माझ्याच तोंडून ते निघालं. एक तास वीस नव्हे, दोन तास. म्हणजे आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचणार होतो.

"वारा पाठीवर असतो तेव्हा वाट लवकर संपते, म्हणून त्याची मदत थोडाच वेळ मिळते," खेकडा सांगत राहिला. "तोंडावर असतो तेव्हा वाट लांबते, म्हणून त्याचा त्रास जास्त वेळ होतो. दोन्ही बाजू कधीच फिटत नाहीत."

"गेल्या वर्षी..." मी विचारलं.

"गेल्या वर्षी यशवंत भाटकरांनीही सदूसारखाच चुकीचा हिशेब केला होता."

सदूकाकानं घड्याळ खिशात टाकलं. पण थांबून भागणार नव्हतं. मी घंटी वाजवली आणि पुढं झाले.

बांधावर चढताच वाऱ्यानं छातीत गुद्दा मारला. डाव्या हाताला खाडी गढूळ, उजव्या हाताला तिवरं जमिनीला टेकलेली. मी उभी राहून जोर लावला. सायकल हलेना. पायांत आग झाली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते वाऱ्यानं होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं असतं.

"ताशी साडेपाच," मागून खेकडा म्हणाला. "आणि तू उभी राहून स्वतःचं शीड करतेयस. खाली बस. कोपर वाकव, हनुवटी हँडलजवळ आण. हलका गिअर टाक आणि पाय भराभर फिरव. जड गिअरला झटके मारलेस, तर पाय दहा मिनिटांत संपतील. हँडल आवळू नकोस, झोत आला की सायकल थोडी डुलू दे."

मी वाकले. आश्चर्य म्हणजे वाऱ्याचा आवाजच कमी झाला. सायकल सहावर आली. त्याच्या वर काही केल्या जाईना.

"का नाही जात?" मी ओरडले.

"वारा ताशी छत्तीसचा आहे. तू त्याच्यावर सहानं चालून जातेस, म्हणजे तुझ्या तोंडावर तो बेचाळीसनं आदळतो. याला सापेक्ष वेग म्हणतात (एकमेकांच्या तुलनेत मोजलेला वेग). आता समज, तू बारानं जायचं ठरवलंस. बारा आणि छत्तीस, अठ्ठेचाळीस. वारा नसताना बारानं जाताना तोंडावर हवा किती वेगानं येते?"

"बारानं."

"अठ्ठेचाळीस म्हणजे त्याच्या चौपट. पण हवेची ढकल चौपट होत नाही. ती वेगाच्या वर्गानं वाढते (वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येनं गुणणं). चार चोक सोळा. सोळापट ढकल. ती तुझे पाय सोसू शकत नाहीत. कुणाचेच नाहीत."

सोळापट. मला बाबांची पाठ आठवली. मी लहान असताना ते मला खांद्यावर घेऊन बांधावर चालायचे, तेव्हा जगात त्यांना न पेलणारी गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं. ती तिघं माझ्यामागे एका रांगेत येत होती, मान वर करून, तोंड मिटून. कुणाला धाप लागलेली नव्हती. मला मात्र श्वास पुरेना. माझ्या आत काहीतरी पेटलं.

"बघ! ती बघ, कशी आरामात येताहेत! बाबांच्या मागूनही अशीच आली असतील!"

"होय," खेकडा म्हणाला. "मागच्या माणसाला वारा कमी लागतो. जत्रेच्या गर्दीत आईच्या पाठीला चिकटून चाललं की तुला धक्के कमी लागतात, तसंच. पुढचा सायकलवाला हवा फोडतो आणि त्याच्या पाठीमागची हवा त्याच्याबरोबर थोडी ओढली जाते. त्या आडोशात मागच्यानं आपलं चाक हातभर अंतरावर ठेवलं, तर वाऱ्याची ढकल साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते. मागच्याचे पाय उरतात. पुढच्याचे संपतात."

म्हणजे हेच उत्तर होतं. सगळ्यांत दणकट माणूस पोचला नाही, कारण तो पुढं होता. बाकीची पोचली, कारण ती त्याच्या मागे होती. वर्षभर छळणारं कोडं दोन वाक्यांत सुटलं आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

दुसऱ्या किलोमीटरच्या दगडाशी मी थांबले. नऊ पंचेचाळीस. वीस मिनिटांत दोनच किलोमीटर झाले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी त्या तिघांना म्हणाले. "त्यांचे पाय संपताहेत हे तुम्हाला मागून दिसत होतं. एकानंही पुढं यावं असं वाटलं नाही?"

फुलाआत्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ती काही बोलणार, तेवढ्यात खेकडा म्हणाला, "या दगडात माझा एक संवेदक आहे (आजूबाजूला काय चाललंय ते टिपणारं यंत्राचं इंद्रिय). गेल्या आषाढातलं बोलणं त्यात आहे. ऐकायचंय?"

"तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. चौकशीच्या वेळी मला बांधाला किती तडे गेले ते विचारलं. मी सांगितलं, शून्य."

दगडातून आधी नुसता वारा ऐकू आला. मग सदूकाकाचा आवाज. "यशवंत, थांब. आता मी येतो पुढं." मग मुश्ताकचाचा. "भाई, हट्ट करू नकोस, पाय थरथरताहेत तुझे." आणि मग धापा टाकणारा, तरीही हसरा, माझ्या बाबांचा आवाज. "मागे राहा रे. भाटकरांच्या पुढं कोण गेलंय आजवर? गावात काय तोंड दाखवू?"

पुन्हा नुसता वारा.

मी वर्षभर ज्यांचा राग केला त्यांनी विचारलं होतं. नाही म्हणाले ते माझे बाबा. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्यांचा आवाज ऐकून इतकं रडू आलं, की दोन्हींतलं आधी काय आलं ते सांगता येत नाही.

"दर दगडाला विचारलं गो आम्ही," फुलाआत्या म्हणाली. "सखल तुकड्याशी आलो तर पाणी गुडघ्यावर. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. त्याला पायच उचलेना. मी हात धरला होता त्याचा. लाट आली. माझ्या हातातून गेला तो." तिनं आपला हात बघितला. "गावात सांगितलं नाही. मेलेल्या माणसाचा हट्ट कसा सांगायचा?"

"मग त्यांना ढकलून पुढं का नाही गेलात?"

"मान होता ना," सदूकाका म्हणाला. एवढंच.

आणि मला दिसलं, की आत्ता तेच चाललंय. माझे पाय संपत होते, ती तिघं मागे होती आणि त्यांच्यातलं कुणीही घंटीच्या पुढं जाणार नव्हतं. आम्ही गेल्या वर्षीचीच चूक पहिल्या दगडापासून पुन्हा करत होतो.

मी बाबांच्या हँडलवरची घंटी ओढून काढली आणि पिशवीत टाकली.

"मान माझ्या घराचा ना? मग पुढं कोण जाणार ते मी सांगणार. तीन मिनिटं एकानं पुढं राहायचं. मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं आणि दुसऱ्यानं पुढं यायचं. मुश्ताकचाचा, तुम्ही पहिले. खेकड्या, आता किती वेग मिळेल?"

"आळीपाळीनं गेलात आणि चाकामागे चाक राहिलं, तर ताशी आठ. दहा किलोमीटर, पंचाहत्तर मिनिटं. सखल तुकडा पाण्याखाली जायला पंचाहत्तर मिनिटं आहेत."

"म्हणजे हातात काहीच नाही?"

"काहीच नाही. आणि तू अजून बोलते आहेस."

मुश्ताकचाचानं बिस्मिल्ला म्हटलं आणि तो माझ्यापुढं निघाला. तिघांच्या आडोशात शिरताच वारा एकदम मवाळ झाला, कुणी दार लोटून घ्यावं तसा. माझ्या पायांत हळूहळू जीव आला. गेल्या वर्षी ही तिघं या आडोशात होती आणि माझे बाबा बाहेर.

"बदल!" खेकडा ओरडला. मुश्ताकचाचा बाजूला झाला आणि आम्ही पुढं सरकलो. सदूकाका पुढं आला. मग फुलाआत्या. मग मी. पुढं असलेली तीन मिनिटं जीव घ्यायची, मागची नऊ मिनिटं तो परत द्यायची. पाचव्या दगडाशी पाऊस आडवा लागला. आठव्याशी सदूकाकाची चेन उतरली. त्यानं सायकल ढकलत ढकलतच ती चढवली, तेव्हा बोटं सोलून निघाली. कुणी थांबलं नाही. थांबून चालणारच नव्हतं. दहाव्या दगडाशी फुलाआत्या रडत होती, पण तिचं चाक माझ्या चाकापासून हातभरच होतं.

अकराला सखल तुकडा आला तेव्हा पाणी बांधाच्या कडेवर चढत होतं. घोट्याएवढं. आम्ही उतरलो नाही. पाण्याखालची माती दिसत नव्हती, म्हणून मी फुलाआत्याच्या पाठीकडे बघत पायडल मारत राहिले. एक लाट चाकाच्या आऱ्यांपर्यंत आली. मग पुढचं चाक वर चढलं आणि खाली घट्ट माती लागली.

खेकडा उतरून तिरका धावत उघाडीत गेला. गावातली माणसं धावून आली आणि रबराचे तुकडे त्याच्याकडे सोडत राहिली. साडेबाराला उधाण आलं. दारावर पाणी आदळत होतं आणि आतल्या बाजूला एक थेंब नव्हता. आईनं मला धरलं होतं. तिचे हात इतके गार होते, की मी तिला सोडलं नाही.

संध्याकाळी ओहोटीला मी खेकड्याजवळ बसले. तो पायांतला चिखल काढत होता.

"बाबा एकदाही मागे गेले नाहीत?"

"एकदाही नाही."

"किती वेळा जायला हवं होतं?"

त्यानं पाय खाली ठेवला.  "तीन-तीन मिनिटांच्या तुमच्या पंचवीस पाळ्या झाल्या. तू आज सहा वेळा मागे गेलीस."

सहा वेळा. माझ्या बाबांनी फक्त सहा वेळा बाजूला व्हायला हवं होतं. मी ते बोटांवर मोजलं. दुसऱ्या हाताचं एकच बोट लागलं. मग मी उठून फुलाआत्याच्या घरी गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिनं मला जेवायला वाढलं.

आता गावातल्या शाळेच्या भिंतीवर खेकड्याचा हिशेब लिहिलाय: वारा किती, वेग किती, वेळ किती, आणि वाऱ्याची देणीघेणी फिटत नाहीत हे मोठ्या अक्षरांत. पहिलीतली पोरंसुद्धा तो तोंडपाठ म्हणतात. दोन म्हाताऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, मान घालवला म्हणून. पितळी घंटी बांधाच्या तोंडाशी खांबाला टांगलीय. निघताना प्रत्येकानं ती एकदा वाजवायची, मग पुढं कोणीही असो. यंदाच्या आषाढात बांधावरून चोवीस फेऱ्या झाल्या. गेलेली सगळी माणसं परत आली.

मी भाटकर. सुट्टीत तांड्याबरोबर जाते तेव्हा पहिली तीन मिनिटं मी पुढं असते. मग बाजूला होते.